वॉशिंग्टन कुणापैकी?

विल्यम द हर्टबर्न नावाच्या एका इंग्रज जमीनदाराने बाराव्या शतकात आपलं गाव बिशपला दिलं आणि बदल्यात दुसरं गाव घेतलं. अशा अदलाबदली रोज होतात. तलाठ्याकडे फेरफार नोंदवला की विषय संपतो. विल्यमचा फेरफारही नोंदवला गेला. डरहॅमच्या बिशपने ११८३ साली आपल्या मुलखाच्या वसुलीची एक वही करवून घेतली, तिला बोल्डन बुक म्हणतात. विल्यमने हर्टबर्न सोडून वेसिंग्टन घेतलं, त्याचा खंड त्याने भरायचा, आणि बिशपची मोठी शिकार निघाली की आपली शिकारी कुत्री घेऊन हजर व्हायचं, असा मजकूर त्या वहीत आहे.

गाव बदललं तसं विल्यमने नावही बदललं. कालपर्यंत तो हर्टबर्नचा विल्यम होता, आता वेसिंग्टनचा विल्यम झाला. या वेसिंग्टनचं पुढे वॉशिंग्टन झालं. तो सौदा फिसकटला असता तर आज अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष हर्टबर्नमध्ये बसून फर्मानं काढत असता आणि जगाच्या छातीत नुसत्या नावानेच जळजळ झाली असती. तशी ती अधूनमधून होतेच, पण निदान नावाचा दोष निघत नाही.

मराठी माणसाला विल्यमच्या वागण्यात नवल वाटणार नाही. गावाच्या नावापुढे ‘कर’ लावून आडनाव करायची सोय आपल्याकडे आहे, तशी त्या काळच्या इंग्लंडमध्ये गावाच्या नावाआधी ‘द’ लावायची होती. मात्र त्यात एक गोम आहे. सावंतवाडीत बसलेल्या माणसाला सावंतवाडीकर म्हणून हाक मारण्यात काय अर्थ? तिथे सगळेच सावंतवाडीकर. माणूस गाव सोडून चार कोस लांब गेला की मग गाव त्याला चिकटतं. इंग्लंडातल्या साध्या शेतकऱ्याचं, सुताराचं, विणकराचं असंच झालं. गावाचं आडनाव लावतो तो बहुधा त्या गावातून बाहेर पडलेला. विल्यमचं प्रकरण वेगळं होतं. तो गावात राहूनच गावाचं नाव लावत होता, कारण अख्खं गाव त्याच्या ताब्यात होतं. आपल्याकडेही नुसतं ‘सांगलीकर’ म्हटलं की पटवर्धन राजेसाहेब समजायचे, सांगलीच्या पेठेतला हळदीचा अडत्या नव्हे.

गंमत म्हणजे विल्यमने घेतलेलं नावही मुळात भलत्याचंच होतं. त्याच्या आधी काही शतकं तिथे ह्वॅसा नावाचा कुणी अँग्लो-सॅक्सन माणूस आपल्या गोतावळ्यासह राहत असावा. त्या लोकांची वस्ती, एवढाच त्या गावाच्या नावाचा अर्थ. ह्वॅसाची वाडी बिशपच्या मुलखात गेली, बिशपकडून विल्यमकडे आली आणि विल्यमच्या वंशजांनी ती अंगरख्यासारखी पांघरली. या आडनावाची सुरुवातच हस्तांतरणाने झालेली आहे, हे ध्यानात ठेवलं की पुढच्या भानगडी सोप्या वाटतात.

आता घराण्यातल्या सर्वांत नामांकित माणसाला या सगळ्यात किती रस होता, ते पाहू. जॉर्ज वॉशिंग्टन राष्ट्राध्यक्ष असताना लंडनहून सर आयझॅक हर्ड यांचं पत्र आलं. हर्डसाहेब म्हणजे इंग्लंडच्या राजाच्या पदरी असलेले वंशावळींचे आणि कुलचिन्हांचे मुख्य अधिकारी. ज्या राजाविरुद्ध जॉर्ज आठ वर्षं लढला, त्याच राजाचा हा माणूस मोठ्या अदबीने विचारत होता की आपलं घराणं मूळचं कुठलं? जॉर्जने मे १७९२ मध्ये उत्तर पाठवलं. या विषयाकडे आपण फारसं लक्ष दिलेलं नाही, हे त्याने कबूल केलं. पूर्वज उत्तरेकडच्या कुठल्याशा परगण्यातून आले, तो लँकेशर, यॉर्कशर की त्याच्याही वरचा, हे नेमकं आठवत नाही, असंही लिहिलं. एका नातेवाइकाकडून मिळालेली जुजबी माहिती सोबत जोडली आणि हा माणूस आपल्या कामाला लागला.

मला हे उत्तर फार आवडतं. आपल्याकडे लग्नाच्या बोलणीत ‘तुम्ही कुणापैकी?’ असा प्रश्न आला आणि मुलाच्या बापाने ‘कोकणातले की घाटावरचे, नीट आठवत नाही’ असं उत्तर दिलं, तर पुढचे कांदेपोहे येणार नाहीत.

जॉर्जला पर्वा नसली तरी इतरांना होती. हर्डसाहेबांनी वंशावळ जुळवली, पण तिच्यात काकालाच पुतण्या ठरवून एक पिढी गाळली. पुढे १८७९ मध्ये न्यूयॉर्कच्या अल्बर्ट वेल्स नावाच्या गृहस्थाने तर कमाल केली. त्याने छापलेल्या जाडजूड ग्रंथात वॉशिंग्टन घराण्याचं मूळ थेट ओडिनपर्यंत नेलं आहे. ओडिन म्हणजे उत्तर युरोपातल्या जुन्या धर्माचा सर्वांत मोठा देव. वेल्सच्या हिशेबाने तो ख्रिस्तपूर्व ७० मध्ये स्कँडिनेव्हियात राज्य स्थापणारा राजा होता आणि त्याच्यापासून पंचावन्न पिढ्यांनी जॉर्ज जन्मला. राजेशाही उलथून टाकणाऱ्या माणसाला शंभर वर्षांच्या आत देवाच्या वंशात नेऊन बसवायचं, ही खटपट आपल्याला परकी नाही. आपल्या भाटांनी तर सूर्य आणि चंद्र दोन्ही कामाला लावले होते. वेल्सने निदान तारीख दिली, हा त्याचा प्रामाणिकपणा म्हणायचा.

खरा धागा सापडला तो १८८९ मध्ये. हेन्री वॉटर्स नावाच्या अमेरिकन संशोधकाने इंग्लंडातली जुनी मृत्युपत्रं आणि वारसनोंदी उपसून जॉर्जच्या पणजोबाचा बाप कोण हे शोधून काढलं. सूर्य, चंद्र, ओडिन यांपैकी तिथे कुणी नव्हतं. दारूच्या गुत्त्यात बसतो म्हणून हाकललेला एक पाद्री होता.

पण त्याच्याकडे येण्याआधी मधली चार शतकं उरकून घेऊ. विल्यमच्या वंशाची एक शाखा पश्चिमेला लँकेशरमधल्या वॉर्टन गावी गेली. तिथल्या चर्चच्या मनोऱ्यावर घराण्याचं कुलचिन्ह कोरलेलं आहे: वर तीन तारे, खाली दोन आडवे पट्टे. गावात राहिलेल्या मूळ शाखेचा वाडा साधारण १४०० च्या सुमारास मुलीच्या लग्नाने दुसऱ्या घराण्यात गेला. म्हणजे वॉशिंग्टन गावात वॉशिंग्टनांचा वाडा उरला आणि वॉशिंग्टन गेले. घराण्यातला एक जॉन साधू झाला आणि १४१६ पासून तीस वर्षं डरहॅमच्या प्रसिद्ध मठाचा प्रमुख होता. वॉर्टनच्या शाखेतला लॉरेन्स दक्षिणेला नॉर्थँप्टनला आला, लोकरीच्या व्यापारात पैसा केला, दोनदा त्या शहराचा मेयर झाला. आठव्या हेन्रीने मठ बुडवून त्यांच्या जमिनी विकायला काढल्या, तेव्हा या लॉरेन्सने १५३९ मध्ये सल्ग्रेव्हची मठाची जमीन सुमारे ३२४ पौंडांना घेतली आणि तिथे घर बांधलं. एक पूर्वज मठाधिपती आणि दुसरा मठाच्या जमिनीचा गिऱ्हाईक. घराण्यात सर्व प्रकारची माणसं असली की घराणं टिकतं.

सल्ग्रेव्हचं घर मात्र टिकलं नाही. १६१० मध्ये ते विकलं गेलं. मेयर लॉरेन्सच्या नातवाचा मुलगाही लॉरेन्सच. या घराण्यात लॉरेन्स आणि जॉन अशी दोनच नावं आलटून पालटून ठेवायची पद्धत असल्यामुळे संशोधकांची डोकी पिकली आणि हर्डसाहेबांचा तोल गेला, त्यात त्यांचा फार दोष नाही. हा धाकटा लॉरेन्स ऑक्सफर्डला शिकला, तिथे फेलो झाला आणि एसेक्स परगण्यातल्या पर्ली गावच्या चर्चची चांगली उत्पन्नाची जागा त्याला मिळाली. पुढे यादवी युद्ध पेटलं. एका बाजूला राजा, दुसऱ्या बाजूला पार्लमेंट आणि कडक सोवळ्याचे प्युरिटन. १६४३ मध्ये प्युरिटनांनी शंभर भ्रष्ट पाद्र्यांची नावनिशीवार यादीच छापली. तिच्यात आमचा लॉरेन्स आहे. स्वतः रोज गुत्त्यात बसून ढोसतो आणि दुसऱ्यालाही त्या व्यसनाची गोडी लावतो, असा आरोप. खरं दुखणं तो राजाच्या बाजूचा होता हे असावं. पण राजनिष्ठेपेक्षा दारू लोकांना लवकर पटते. जागा गेली. एका दरिद्री गावातल्या चर्चवर त्याने उरलेले दिवस काढले आणि १६५३ मध्ये तो वारला.

बापाची नोकरी सुटली नसती तर थोरला मुलगा जॉन कदाचित ऑक्सफर्डला जाऊन तिसऱ्या कुठल्या चर्चवर रुजू झाला असता. ते दार बंद झालं म्हणून तो दर्यावर गेला. व्हर्जिनियातून तंबाखू आणणाऱ्या ‘सी हॉर्स ऑफ लंडन’ या जहाजावर तो हाताखालचा अधिकारी होता. १६५७ च्या सुरुवातीला हे जहाज पोटोमॅक नदीत गाळात रुतलं. ते दुरुस्त होईपर्यंत जॉनची तिथल्या एका बड्या जमीनदाराशी ओळख झाली, त्याच्या मुलीशी सूत जुळलं आणि परत जायचा बेत रहित झाला. अमेरिकेतले वॉशिंग्टन हे असे आले. धर्मस्वातंत्र्यासाठी, राजाच्या जुलमाला कंटाळून वगैरे काही नाही. बोट फसली आणि सासरा चांगला निघाला.

या जॉनची एक हकिकत मला सांगितल्यावाचून राहवत नाही. त्याच्या जुन्या जहाजाच्या मालकाने पुढच्या एका सफरीत चेटकीण ठरवून एका बाईला फासावर चढवू दिलं होतं. जॉनने हे प्रकरण मेरीलँडच्या गव्हर्नरपुढे नेलं, मालकावर खटला उभा राहिला आणि साक्षीला जॉनला बोलावणं आलं. जॉनचं पत्र गेलं की त्या दिवशी माझ्या मुलाचा बाप्तिस्मा आहे, पाहुण्यांना आमंत्रणं गेली आहेत, येणं जमत नाही. साक्षीदारच नाही म्हटल्यावर मालक सुटला. बारशासाठी खुनाचा खटला बुडवणारा हा बाप, आणि ज्याचं बारसं होतं तो मुलगा अर्थातच लॉरेन्स, म्हणजे जॉर्जचे आजोबा.

जॉर्ज १७३२ मध्ये जन्मला. त्याचं चरित्र सांगायची इथे गरज नाही. आपल्या कामाची गोष्ट एवढीच की त्याला स्वतःचं मूल झालं नाही. बायकोची पहिल्या लग्नाची मुलं होती, ती कस्टिस आडनावाची. म्हणजे ज्या माणसामुळे हे आडनाव जगभर गेलं, त्याच्याकडून ते एकाही लेकराला मिळालेलं नाही. आडनावाला वारस नसला की लोक ते गावांना देतात. राजधानीला दिलं, रस्त्यांना दिलं, पोरांच्या पहिल्या नावाच्या जागी दिलं. १८५३ मध्ये वायव्येकडच्या रहिवाशांनी आपल्या नव्या मुलखाला कोलंबिया नाव मागितलं, तेव्हा डिस्ट्रिक्ट ऑफ कोलंबियाशी घोटाळा होईल म्हणून संसदेने ते बदलून वॉशिंग्टन केलं. घोटाळा टाळण्याचा यापेक्षा सरकारी मार्ग मला ठाऊक नाही. तेव्हापासून अमेरिकेत मुलगा वॉशिंग्टनला असतो म्हणणाऱ्या प्रत्येक आईला ‘म्हणजे कुठल्या?’ हा प्रश्न ऐकावा लागतो.

इकडे इंग्लंडात मूळपुरुषाच्या शोधाला मोठा बहर आला. सल्ग्रेव्हचं घर १९१४ मध्ये दोन देशांतल्या शंभर वर्षांच्या शांततेची आठवण म्हणून विकत घेतलं गेलं आणि १९२१ पासून लोकांसाठी खुलं झालं. तीन तारे आणि दोन पट्ट्यांवरूनच अमेरिकेचा झेंडा सुचला, अशी दंतकथा निघाली. तिला पुरावा नाही, पण १८७६ मध्ये मार्टिन टपर या इंग्रज कवीने ती नाटकात घातली आणि नाटकात आलेली गोष्ट खोडून काढणं किती अवघड असतं हे महाराष्ट्राला कुणी सांगायला नको. राजधानीच्या शहराने मात्र १९३८ मध्ये तेच तारे आणि पट्टे उचलून आपला झेंडा केला. त्या झेंड्याबाबत वाद नाही.

मूळ गावची दशा निराळी. वॉशिंग्टन कोळशाच्या खाणींचं गाव झालं. जुन्या वाड्यात बिऱ्हाडं राहू लागली, एकेका खोलीत एकेक कुटुंब, आपल्याकडच्या चाळीसारखं. १९३० च्या दशकात ती इमारत राहण्यास अयोग्य ठरवण्यात आली आणि पाडण्याचीच वेळ आली होती. फ्रेड हिल नावाच्या तिथल्या एका शिक्षकाने लोक गोळा केले आणि ती वाचवली. मे १९७७ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष जिमी कार्टर तिथे येऊन झाड लावून गेले. त्याच दौऱ्यात न्यूकॅसलच्या गर्दीपुढे त्यांनी तिथल्या बोलीतली फुटबॉलची आरोळी ठोकली आणि लोकांनी जॉर्ज तिसऱ्याचा पराभव तात्काळ माफ केला.

इथपर्यंतची कहाणी वाड्यांत, चर्चांत आणि सरकारी दप्तरांत सापडते. अमेरिकन पर्यटक याच वाटेने जातो आणि समाधानाने परत येतो. मला वाटतं तो उलट्या दिशेला चालला आहे. हे आडनाव आज ज्यांच्याकडे आहे, त्यांची वाट सल्ग्रेव्हला जातच नाही.

हॅरी नावाचा माणूस पश्चिम आफ्रिकेत गँबिया नदीच्या आसपास जन्मला. गुलाम म्हणून व्हर्जिनियात विकला गेला आणि १७६३ मध्ये जॉर्जने त्याला विकत घेतलं. माउंट व्हर्ननच्या तबेल्यात तो घोडे सांभाळत असे. १७७६ मध्ये, म्हणजे अमेरिकेने स्वातंत्र्याचा जाहीरनामा काढला त्याच वर्षी, हॅरीनेही आपला जाहीरनामा काढला: तो पळाला आणि इंग्रजांना जाऊन मिळाला. जो गुलाम आमच्या बाजूला येईल तो मोकळा, असा इंग्रजांचा शब्द होता. सात वर्षांनी इंग्रज हरले. मे १७८३ मध्ये जॉर्जने इंग्रज सेनापती गाय कार्लटन याच्याकडे पळालेले गुलाम परत मागितले. कार्लटन म्हणाला, शब्द दिला आहे, मोडता येणार नाही, हवं तर सगळ्यांची नोंद ठेवतो. न्यूयॉर्क बंदरात जहाजावर चढणाऱ्या सुमारे तीन हजार कृष्णवर्णीयांची ती नोंदवही आजही आहे. तिच्यात लिहिलेलं आहे: हॅरी वॉशिंग्टन, वय ४३, धडधाकट गडी, पूर्वी जनरल वॉशिंग्टनच्या मालकीचा, सात वर्षांपूर्वी निघून आला.

मालकाला सोडलं आणि आडनाव बरोबर नेलं. हॅरी आधी कॅनडातल्या नोव्हा स्कॉशियाच्या थंडीत राहिला, मग १७९२ मध्ये इतर हजारेक लोकांबरोबर समुद्र ओलांडून आफ्रिकेत सिएरा लिओनला गेला. दोन वेळा अटलांटिक ओलांडलेला हा वॉशिंग्टन. जॉर्जने तो एकदाही ओलांडला नाही. सिएरा लिओनमध्ये जमीन फुकट मिळेल असं सांगून नेलं होतं, नंतर वसाहतीच्या कंपनीने जमिनीवर पट्टी बसवली. लोकांना ती मान्य नव्हती, आपले कायदे आपण करू म्हणाले आणि १८०० मध्ये त्यांनी बंड केलं. बंडखोरांत हॅरी होता. जॉर्जला जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. अन्यायी कराविरुद्ध इंग्रजांशी भांडणारा हा दुसरा वॉशिंग्टन, मात्र या खेपेला इंग्रजांकडे वेळेवर फौज पोचली. हॅरीला हद्दपार करून समोरच्या किनाऱ्यावर धाडलं. घराण्याचा खरा वारसा कुणी चालवला, हे वेल्सच्या पंचावन्न पिढ्यांत येत नाही.

बाकीच्या गुलामांची आडनावं कागदावर सहसा नसत. मालकाच्या यादीत नुसतं टॉम, सॅली, फ्रँक. आपसांत ते आडनावं वापरत, पण मालकाला ते मान्य करायला जड जाई. जॉर्जने मृत्युपत्रात आपल्या गुलामांची सुटका लिहून ठेवली, ती त्याच्या पत्नीनंतर अमलात यायची होती. लगेच मोकळा केला तो युद्धभर त्याच्या सावलीसारखा वावरलेला विल्यम, एकटाच. त्याच्या नावापुढे जॉर्जने लिहिलं आहे की हा स्वतःला विल्यम ली म्हणवतो. म्हणवतो! सहा शतकांपूर्वी एका विल्यमने स्वतःला वॉशिंग्टन म्हणवून घेतलं, तेव्हा बिशपने असा शेरा मारला नव्हता.

१८६५ मध्ये गुलामगिरी कायद्याने संपली आणि चाळीस लाख माणसांना एकदम आडनावाची गरज पडली. पगाराच्या यादीत, लग्नाच्या नोंदीत, जमिनीच्या करारात नुसतं टॉम चालेना. शाळेत तर नाहीच. (आपल्याकडे जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेत ही बेडी तोडणाऱ्या लोकांना. पुण्यात बसून त्यांना या घटनेचं मोल कळलं होतं.) पश्चिम व्हर्जिनियातल्या मिठागरांच्या गावी बुकर नावाचा एक पोरगा पहिल्यांदा शाळेत गेला. मास्तर हजेरी घेऊ लागले तेव्हा त्याच्या ध्यानात आलं की बाकीच्या मुलांना दोन दोन नावं आहेत, काहींना तर तीन, आणि ही त्याला उधळपट्टीच वाटली. आपल्याला नुसतं बुकर. पाळी येईपर्यंत त्याने विचार केला आणि मास्तरांनी विचारल्यावर जन्मभर तेच नाव असल्यासारखं शांतपणे सांगितलं: बुकर वॉशिंग्टन. त्याच्या सावत्र बापाचं पहिलं नाव वॉशिंग्टन होतं, म्हणजे नाव अगदीच हवेतून आलं नव्हतं. आईने आपलं नाव आधीच बुकर टॅलियाफेरो ठेवलं होतं, हे त्याला मागाहून कळलं. मग त्याने तेही मधे घातलं. व्हर्जिनियातल्या जुन्या घरांत ते ‘टॉलिव्हर’ असं म्हणतात. लिहायचं एक आणि वाचायचं दुसरं ही इंग्रजीची खोड तिथेही सुटलेली नाही.

हा बुकर टी. वॉशिंग्टन पुढे टस्कीगीची मोठी शिक्षणसंस्था उभारणारा, राष्ट्राध्यक्षांच्या पंगतीला बसलेला पहिला कृष्णवर्णीय नेता. आपल्या आत्मचरित्रात त्याने मिस्कीलपणे म्हटलं आहे की स्वतःचं नाव स्वतः ठेवण्याचा मान आपल्या देशात फारशा कुणाला मिळालेला नाही. आंबडवे गाव, शाळेतली नोंद आणि एक शिक्षक, ही गोष्ट ज्या महाराष्ट्रात कुणाला सांगावी लागत नाही, तिथे बुकरची गोष्टही समजायला वेळ लागू नये. वर्गात मास्तर विचारतात, पोरगा काहीतरी सांगतो, आणि ते पुढच्या पिढ्यांना पुरतं.

सगळेच वॉशिंग्टन बुकरसारखे झाले असं नाही. कुणी जॉर्जवरच्या भक्तीने घेतलं असेल, कुणी दूरच्या एखाद्या वॉशिंग्टन मालकाचं लावलं असेल, कुणाला त्या नावाचा भारदस्तपणा आवडला असेल. पण घेतलं भरपूर जणांनी. २००० च्या अमेरिकन जनगणनेत या आडनावाची १,६३,०३६ माणसं निघाली आणि त्यांतली दहातली नऊ कृष्णवर्णीय. २०१० मध्ये आकडा १,७७,३८६ वर गेला. जेफरसन आडनावातही बहुसंख्य कृष्णवर्णीयच आहेत, पण वॉशिंग्टनची बरोबरी नाही. राजधानीला स्वतःचा महापौर निवडायचा हक्क पुन्हा मिळाला, तेव्हा निवडून आले वॉल्टर वॉशिंग्टन, एका गुलामाचे पणतू. वॉशिंग्टनचा निवडून आलेला महापौर वॉशिंग्टन! विल्यमच्या काळी याला ‘वॉशिंग्टनचा वॉशिंग्टन’ म्हटलं असतं, आणि शिकारी कुत्री किती, तेवढंच विचारलं असतं.

तेव्हा घराण्याचा हक्क कुणाचा म्हणाल तर माझा निकाल सरळ आहे. हे आडनाव ह्वॅसाचं होतं ते बिशपच्या वहीतून विल्यमला मिळालं, विल्यमच्या वंशजांकडून ते हॅरीने उचललं आणि बुकरने मागून घेतलं. ज्यांच्याकडे सध्या ताबा आहे आणि जे ते वापरतात, त्यांच्याच नावावर सातबारा. कूळकायद्यातही असंच असतं.

तुमची मुलगी, भाचा किंवा शेजाऱ्यांची नात अमेरिकेत असेल आणि तिथे कुणी वॉशिंग्टन आडनावाचं भेटलं, तर ‘जॉर्जच्या घराण्यातले का?’ असं विचारू नका म्हणून सांगा. जॉर्जला मूलबाळ नव्हतं, आणि घराण्याच्या चौकशीत त्याला स्वतःलाही फारसा रस नव्हता. विचारायचंच असेल तर खापरपणजोबांनी हे नाव पहिल्यांदा कुणापुढे सांगितलं, ते विचारा. घरात कुणाला ते ठाऊक असलं, तर वेल्सच्या जाडजूड ग्रंथापेक्षा ते ऐकण्यासारखं असेल.